पिंग जातो, फाइल अडकते : कोल्हापूरच्या एका हॅम नोडच्या टनेलचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅमच्या, एका छोट्या गटाचे आहे. नावे, कॉलसाइन (ठाण्यांची रेडिओवरची ओळखचिन्हे) आणि आयपी पत्ते मुद्दाम काढले आहेत. माणसांची ओळख आबा, ताई आणि पुण्याचे सर एवढीच ठेवली आहे. आबा निवृत्त आहेत आणि एचएफवर (दूरच्या संपर्काच्या लघुलहरींवर) मोर्स वाजवण्यात त्यांची हयात गेली. ताईंचा व्यवसायच नेटवर्कचा, परवाना अलीकडचा. गटाच्या नोंदवहीचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पुढचा बराच मजकूर त्या वहीतूनच आला आहे.

पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबिळाच्या वरच्या अंगाला, एका सभासदाच्या शेतघराच्या गच्चीवर दोन मीटर बँडचा एक रेडिओ बसवलेला आहे. त्याला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडलेला आणि त्यावर ऑलस्टारचा नोड, म्हणजे रेडिओचा आवाज इंटरनेटवर नेणारे ठाणे. शहरात कुणी हँडहेल्डवरून पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबली की आवाज गच्चीवरच्या रेडिओत येतो, तिथून इंटरनेटवरून पुण्याच्या नोडला जातो आणि तिथल्या रेडिओवरून हवेत निघतो. उलट दिशेनेही तसेच. त्याच पायवर एक साधे पान आहे. त्यात बॅटरीचा व्होल्टेज, सोलरची स्थिती आणि पावसाळ्यात हाताने भरलेली पंचगंगेची पातळी दिसते.

या नोडला हॅमसाठी राखीव असलेल्या ४४ च्या पत्त्यांपैकी एक लहान तुकडा मिळालेला आहे. १९८१ पासून ४४ ने सुरू होणारा सगळा पट्टा, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते, हौशी रेडिओसाठी राखलेला होता. २०१९ मध्ये त्यातला शेवटचा चौथा हिस्सा, ४४.१९२ पासून पुढचा, अ‍ॅमेझॉनला विकला गेला. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे. या पत्त्यांवरची बरीच ठाणी एकमेकांशी आयपीआयपी टनेलने जोडलेली असतात. एका आयपी पॅकेटवर (माहितीच्या छोट्या गठ्ठ्यावर) दुसरे आयपी शीर्षक चढते, २० बाइट वाढतात, आणि पॅकेट नेहमीच्या इंटरनेटवरून पलीकडच्या गेटवेला पोचते.

अडचण कशी सुरू झाली

सुरुवातीला आयपीआयपी टनेल थेट शेतघराच्या राउटरवर येत होता, कारण स्थानिक फायबरवाला सार्वजनिक आयपी देत असे. एके दिवशी टनेल बंद झाला तो झालाच. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला तर १००.६४ च्या पट्ट्यातला. हा पट्टा २०१२ पासून सेवादात्यांच्या सामायिक नॅटसाठी ठेवलेला आहे. म्हणजे एका सार्वजनिक आयपीमागे अनेक घरे. असे नॅट कोणते पॅकेट कुणाचे हे पोर्टच्या (पॅकेटवरच्या दाराच्या) क्रमांकावरून ओळखते. आयपीआयपी हा प्रोटोकॉल क्रमांक ४. त्याला पोर्टच नसतात. त्यामुळे ते पॅकेट कुणाच्या घरी द्यायचे हे नॅटला कळायला मार्ग नाही.

तेव्हा ताईंनी मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. आयपीआयपी तिथे उतरवला आणि सर्व्हरपासून शेतघरापर्यंत वायरगार्डचा, म्हणजे मजकूर सांकेतिक करून नेणारा, दुसरा टनेल टाकला. वायरगार्ड यूडीपीवर चालतो आणि यूडीपीला पोर्ट असतात, त्यामुळे नॅटमागूनही बाहेर पडतो. फायबर गेले तर आपोआप ४जी डोंगलवर जाण्याची सोय राउटरमध्ये केली. उन्हाळाभर सगळे सुरळीत होते.

जूनमध्ये वारे आणि पाऊस सुरू झाला, वीज जाऊ लागली, आणि गटात रोज एकच वाक्य ऐकू येऊ लागले : “टनेल पडतोय.” पुण्याचे सर सांगत की कोल्हापूर मिळत नाही. आबा म्हणत, “मी तर आत्ताच बोललो त्यांच्याशी, पिंगबी जातंय की!” पिंग म्हणजे पलीकडचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारे छोटे पॅकेट. दोघेही खरेच सांगत होते.

पुढचे काही आठवडे प्रत्येकाने आपापला उपाय केला. कुणी राउटर बंद-चालू केला. कुणी वायरगार्डच्या सांकेतिक किल्ल्या नव्याने बनवल्या. वायरगार्डचे नेहमीचे ५१८२० पोर्ट बदलून दुसरे घेतले. सर्व्हर बदलण्याचीही तयारी झाली होती. प्रत्येक उपायानंतर टनेल चालू व्हायचा आणि काही तासांनी तक्रार परत यायची. या प्रकरणातला सगळ्यात फसवा भाग हाच. उपाय लागू पडतो असे दिसत होते, कारण राउटर पुन्हा सुरू करा, किल्ली बदला की पोर्ट बदला, प्रत्येक वेळी शेतघराचा राउटर पहिल्यांदा स्वतः सर्व्हरशी बोलायचा. त्या बोलण्यानेच वाट उघडायची. उपाय कोणता, याला काही महत्त्व नव्हते.

समोरचे पर्याय

एका रविवारी राजारामपुरीत आबांच्या घरी सगळे बसलो. पहिला पर्याय फायबरवाल्याकडून स्थिर सार्वजनिक आयपी घेण्याचा. चौकशी केली तेव्हा तो फक्त व्यावसायिक योजनेत मिळेल असे कळले. वीज गेल्यावर ४जीवर गेलो की त्याचा उपयोगही नाही, कारण ४जीवरही सामायिक नॅटच आहे. हा पर्याय तिथेच मागे पडला.

दुसरा पर्याय आबांचा होता आणि तो मला अजूनही वजनदार वाटतो. टनेल काढूनच टाकायचा. बाहेरून कुणी आपल्याला हाक मारायचीच नाही, कोल्हापूरच्या नोडने पुण्याला जोडणी लावायची आणि ती कायम धरून ठेवायची. ऑलस्टारचा आवाज यूडीपी ४५६९ वर जातो. बाहेर जाणारी जोडणी नॅटमधून सहज जाते. सोपे आणि भक्कम. अडचण एवढीच की ते पान, दुरून दुरुस्ती करण्याची वाट आणि ४४ च्या जाळ्यातली इतर ठाणी, या सगळ्यावर पाणी सोडावे लागले असते. शिवाय सांगलीकडचा एक नोड पुढे जोडायचा विचार होता. तो आपल्याकडे येणार, आपण त्याच्याकडे नाही.

तिसरा पर्याय शेतघरापासून शहरातल्या एका सभासदाच्या घरापर्यंत मायक्रोवेव्हचा दुवा टाकण्याचा. डोंगरावरून शहर समोर दिसते, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. पण इथे एक भान ठेवावे लागते. हॅम बँडवर अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा चालत नाही. वायरगार्डचे एन्क्रिप्शन फायबरवर आणि ४जीवर आहे तोवर प्रश्न नाही; तेच पॅकेट हॅम फ्रिक्वेन्सीवर चढवले तर ते नियमात बसत नाही. परवानामुक्त पट्ट्यात दुवा टाकला तर हा प्रश्न उरत नाही, पण खर्च, मास्ट आणि वीज पडण्याची भीती पाहून तो विचार सोडला.

ताईंचे म्हणणे वेगळे होते. काय मोडले आहे हे कळण्याआधी काहीच निवडू नका. आठवडाभर कुणीही कशालाही हात लावायचा नाही, फक्त लिहायचे. वेळ काय, आधी कोण बोलले, त्याआधी किती वेळ शांतता होती, त्या क्षणी फायबर होते की ४जी, आणि करत काय होतो : आवाज, पान की फाइल. आबांना हे रुचले नाही. पावसाळ्यात आठवडाभर बिघाड तसाच ठेवायचा म्हणजे काय, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. तरी सगळ्यांनी मानले. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच, असे माझे मत आहे.

वहीने काय दाखवले

आठवडा संपला तेव्हा ‘टनेल पडतोय’ या एका तक्रारीच्या पोटात तीन वेगळे बिघाड दिसले. पहिले, पुण्याची हाक लागत नाही, पण ती फक्त बऱ्याच शांततेनंतर किंवा फायबरवरून ४जीवर उडी पडल्यानंतर. कोल्हापूरने एकदा पीटीटी दाबली की दोन्ही बाजूंनी सुरळीत. दुसरे, पान उघडता उघडता थांबते आणि फाइल अडकते, पण ते फक्त ४जीवर. शांततेशी संबंध नाही आणि त्याच वेळी आवाज मात्र स्वच्छ. तिसरे, शेतघरावरून काही संकेतस्थळे कधीच उघडत नाहीत, फायबर असो की ४जी.

तिसरे सगळ्यात आधी सुटले. जुन्या काळातल्या टिपणावरून राउटरमध्ये संपूर्ण ४४ चा पट्टा टनेलकडे वळवलेला होता. विकलेला चौथा हिस्साही त्यात आला. अ‍ॅमेझॉनवर ठेवलेली आणि ४४.१९२ च्या पुढचे पत्ते असलेली संकेतस्थळे हॅमच्या जाळ्यात शोधली जात होती. मार्ग बदलून ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० असे उरलेल्या तीन हिश्शांचे दोन लिहिले, झाले.

पहिला बिघाड : शांततेनंतर हाक लागत नाही

ताई सर्व्हरवर आणि मी शेतघराच्या राउटरवर, दोन्हीकडे एकाच वेळी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे पाहण्याचे साधन) लावून बसलो. पुण्याच्या सरांनी हाक मारली. सर्व्हरवर पॅकेट आयपीआयपीतून आत आले, वायरगार्डमधून बाहेर पडले आणि शेतघराच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्याकडे व पोर्टकडे गेले. शेतघराच्या बाहेरच्या बाजूला काहीही आले नाही. म्हणजे पॅकेट मधल्या नॅटमध्ये हरवत होते. मग मी पीटीटी दाबली. सर्व्हरच्या नोंदीत शेतघराचा पोर्ट क्रमांक बदललेला दिसला आणि पुण्याचा आवाज आला.

वायरगार्डमध्ये ‘जोडले गेले’ अशी कायमची स्थिती नसते. पाठवायला काही नसेल तर तो गप्प बसतो. इंटरफेस वर दिसतो, किल्ल्या बरोबर असतात, पण तेवढ्यावरून पॅकेट पोचेल असे म्हणता येत नाही. मधल्या नॅटला शांतता दिसली की ते यूडीपीची नोंद पुसून टाकते, आणि मग बाहेरून येणाऱ्याला दार उरत नाही. ४जीवर उडी पडली तर आणखी कठीण, कारण सर्व्हरला नवा पत्ता तेव्हाच कळतो जेव्हा शेतघर स्वतः काही पाठवते. म्हणून ‘शेवटचा हँडशेक’ (दोघांनी किल्ल्या ठरवल्याची शेवटची वेळ) ही नोंद पाहावी. बोलणे चालू असताना वायरगार्ड साधारण दर दोन मिनिटांनी किल्ल्या नव्या करतो. ही नोंद तासाभरापूर्वीची असेल तर समजावे की दोघे बोललेलेच नाहीत.

उपाय एका ओळीचा : शेतघराच्या बाजूला कीपअलाइव्ह, म्हणजे वाट उघडी ठेवणारे रिकामे पॅकेट, २५ सेकंदांवर लावणे. आबांनी ४जीच्या डेटाबद्दल विचारले. हिशेब केला. रिकामे पॅकेट आयपी-यूडीपीसकट ६० बाइटचे, दिवसाला ३४५६ वेळा, म्हणजे सुमारे २०० केबी. हँडशेक धरूनही अर्ध्या एमबीच्या आत. आबांनी मान हलवली.

मध्येच आलेला पूर

दुसऱ्या बिघाडाला हात घालणार तोच पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली. धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेले या गटातल्या प्रत्येकाने पाहिले आहे, त्यामुळे कुणालाही समजावून सांगावे लागले नाही.

प्रश्न असा होता : एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) बदल दुरून, त्याच टनेलवरून करायचा का? चुकला तर शेतघराच्या राउटरपर्यंत पोचायची वाट बंद, आणि केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आले तर गाडीही जाणार नाही. ताई म्हणाल्या, थांबू. आबांनी पुढचे पाऊल सुचवले : पूर ओसरेपर्यंत टनेल हिशेबातच धरायचा नाही. १४५ मेगाहर्ट्‌झवर सिम्प्लेक्सची (मध्ये नोड न घेता रेडिओ ते रेडिओ थेट बोलण्याची) एक फ्रिक्वेन्सी ठरली, पुण्यासाठी ४० मीटर बँडवर सकाळ-संध्याकाळची वेळ ठरली आणि सगळ्यांना तसे कळवले. टनेलला फायबर लागते, फायबरवाल्याच्या पेटीला वीज लागते, टॉवरला डिझेल लागते. सिम्प्लेक्सला दोन बॅटऱ्या आणि दोन माणसे पुरतात. हा निर्णय त्या पावसाळ्यानंतरही आम्ही बदललेला नाही.

दुसरा बिघाड : पान अडकते

पाणी उतरल्यावर शेतघरावर जाऊनच काम केले. आवाज जातो आणि पान अडकते याचे कारण पॅकेटच्या आकारात होते. उसाची रिकामी ट्रॉली कमानीखालून सुटते, भरलेली अडकते, तसेच. आवाजाचे एक पॅकेट २० मिलिसेकंदांचे, सगळी शीर्षके धरून १९२ बाइट. नेहमीचा पिंग ८४ बाइट. पानाचे पॅकेट मात्र वाटेत मावेल तेवढे मोठे होऊ पाहते.

कमानीची उंची मोजताना टनेलच्या आतून मोजून उपयोग नाही, बाहेरून मोजावी लागते. राउटरवरून सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्याला, तुकडे करू नका अशी खूण लावून, वाढत्या आकाराचे पिंग पाठवले. फायबरवर १४६४ बाइटपर्यंत गेले. त्यात शीर्षकांचे २८ मिळवले की १४९२, म्हणजे पीपीपीओईचा (फायबरच्या लॉगिन पद्धतीचा) नेहमीचा आकडा. ४जीवर १३७२ गेले आणि १३७३ निमूटपणे नाहीसे झाले. म्हणजे तिथली मर्यादा १४००. वायरगार्डचा एमटीयू मुळातल्या १४२० वरच होता. आयपीव्ही४ वर तो ६० बाइट चढवतो, म्हणजे १४८०. फायबरवर बसते, ४जीवर बसत नाही. मग बाहेरच्या पॅकेटचे तुकडे होत आणि ते तुकडे ४जीच्या जाळ्यातून पलीकडे निघत नसत. आतल्या यंत्रांना याची काहीच खबर नव्हती.

फायबरसाठी एक आणि ४जीसाठी दुसरा एमटीयू ठेवावा का, यावर चर्चा झाली. आपोआप बदलणारी मांडणी म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. म्हणून दोन्हीकडे लहानच, १४०० वजा ६०, म्हणजे १३४० ठेवला. पान लगेच उघडले. पण पुण्याहून पायवर फाइल चढवायला गेलो तर ती पुन्हा अडकली. एक दिशा सुटली होती, दुसरी नाही.

हा तिढा ताईंनी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये शोधला. तिथे आयसीएमपीपैकी (नेटवर्कच्या निरोपांच्या प्रोटोकॉलपैकी) फक्त पिंगची विचारणा आणि पिंगचे उत्तर यांना परवानगी होती. मोठे पॅकेट आल्यावर ‘एवढे मावत नाही, लहान पाठवा’ हा निरोपही आयसीएमपीचाच असतो, आणि नेमका तोच अडवलेला होता. पुण्याचे यंत्र १४८० चे पॅकेट पाठवत राहायचे, सर्व्हर ते टाकून द्यायचा, निरोप बाहेर पडायचा नाही. पिंग छान चालत असल्यामुळे कुणालाही आयसीएमपीवर संशय आला नव्हता. तो निरोप मोकळा केला आणि शेतघराच्या राउटरवर टीसीपीचा (पान आणि फाइल ज्याने जातात त्या प्रोटोकॉलचा) एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मजकुराची मर्यादा, १३०० वर बांधून टाकला, म्हणजे मधल्या कुणी निरोप गिळला तरी टीसीपीचे काम अडणार नाही.

तपासणीसाठी पुण्याहून टनेलच्या आतून, तीच खूण लावून १३१२ चा पिंग पाठवला, गेला. १३१३ चा पाठवल्यावर ‘मावत नाही’ असे उत्तर परत आले. ते उत्तर आले म्हणून आम्हाला समाधान वाटले, कारण आधी तिथे नुसती शांतता होती.

निष्पन्न

त्यानंतर मुद्दाम फायबरची वायर काढून ४जीवर उडी मारायला लावली. पुण्याची हाक पहिल्याच पीटीटीला लागली, पान उघडले, फाइल चढली. पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत वीज अनेकदा गेली. या तीन तक्रारींपैकी एकही वहीत परत आली नाही. सांगलीकडचा नोडही नंतर जोडला गेला. संध्याकाळच्या वेळी ४जीवर आवाज अधूनमधून तुटतो, तो मात्र अजून तुटतो. तो टॉवरवरच्या गर्दीचा असावा असे ताईंना वाटते. पॅकेटच्या आगमनातले अंतर मोजण्याचे काम सध्या चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

वही पहिल्या तक्रारीच्या दिवशी उघडायला हवी होती. किल्ल्या, पोर्ट आणि राउटर यांच्या बदलांनी बिघाड लांबला, शिवाय कोणत्या बदलाने काय झाले हेही कळेनासे झाले. एका वेळी एकच बदल, आणि त्याची वेळ लिहिलेली, ही शिस्त हॅमला अनोळखी नाही. अँटेना ट्यून करताना आपण तेच करतो.

४जीची सोय जोडली त्याच दिवशी फायबरची वायर काढून ती तपासायला हवी होती, तीही फाइल पाठवून. उन्हाळ्यात फायबर गेलेच नाही म्हणून एमटीयूचा दोष दडून राहिला.

दुरून बदल करण्याची भीती योग्य होती, पण तिला उत्तर आहे. बदल करण्याआधी राउटरला सांगून ठेवायचे की दहा मिनिटांत मी ही सूचना रद्द केली नाही तर जुनी मांडणी परत आण. आता आम्ही हे नेहमी करतो. पुराच्या दिवसांत ही सोय असती तर दुसरा बिघाडही तेव्हाच काढता आला असता. तरी पुरात टनेलवर भरवसा ठेवायचा नाही हा निर्णय तोच राहिला असता.

आबांच्या पर्यायाचेही पुढे काहीसे झाले. पुण्याकडे बाहेर जाणारी थेट जोडणी, टनेलविना, राउटरमध्ये तयार ठेवलेली आहे. मुंबईचा सर्व्हर बंद पडला तर आवाज त्या वाटेने जाईल, पान आणि फाइल थांबतील. सर्व्हरचे भाडे ताईंच्या एकटीच्या खात्यातून जाते आणि त्याच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच आहेत. दुसऱ्या सभासदाच्या नावे किल्ली बनवायची हे ठरले आहे, ती बनवायची बाकी आहे.